साठ पोत्यांची जागा

११ एप्रिल २००४, रविवार

आज फॅक्स आला. दुबईच्या व्यापाऱ्यानं तीन टन हळकुंडांची मागणी पक्की केली. माल पसंत पडला तर दर दोन महिन्यांनी घेत जाईन, असं लिहिलंय. चार ओळींच्या इंग्रजीत दोन चुका आहेत, तरी अर्थ बराबर लागतो.

फॅक्स रूपसिंगच्या दुकानात येतो. दुकान हिंगोलीच्या बसस्टँडसमोर. मशीनमधून कागद निघायच्या आतच तो अक्षरं लावून मोठ्यानं वाचायला लागला आणि दुबई हा शब्द आल्यावर गाडीची वाट बघत बसलेल्या सगळ्यांना सांगितलं, "आपले खिल्लारे साहेब दुबईला चालले!" मी म्हणालो, "मी नाही, हळद." लोक हसले. हसू द्या.

ही दैनंदिनी आजपासून लिहितो. मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एकोणीस वर्षं मापाडी होतो. दुसऱ्यांचा माल काट्यावर घातला आणि वजन ओरडून सांगितलं. दहावी नापास. इंग्रजी शब्दकोशावरून शिकलो, निर्यातीचे नियम नांदेडहून आणलेल्या पुस्तकावरून. आज निर्यातीचा परवाना अमृतराव खिल्लारे या नावावर आहे. उद्या कुणी विचारलं, हे कसं केलं, तर तारीखवार दाखवता यावं म्हणून ही वही.

१६ एप्रिल, शुक्रवार

समुद्रानं माल पाठवायचे दोन रस्ते आहेत. एक, अख्खा कंटेनर घ्यायचा. आमच्याकडं त्याला डबाच म्हणतात. वीस फुटी लोखंडी पेटी, भरा नाहीतर अर्धी रिकामी न्या, भाडं तेवढंच. दुसरा रस्ता वाटणीच्या डब्याचा. मुंबईतली एक कंपनी पाचसात जणांचा थोडा थोडा माल एका डब्यात बसवते आणि ज्यानं जेवढी जागा खाल्ली त्याच्याकडून तेवढंच भाडं घेते. एसटीचं तिकीट काढणं आणि अख्खी जीप करणं, असा हा फरक.

पन्नास किलोचा कट्टा, म्हणजे पोतं, भरून जमिनीवर आडवा टाकला आणि टेपनं मोजला. लांबी ३६ इंच, रुंदी २२, जाडी १०. असे साठ कट्टे म्हणजे ७.७९ घनमीटर. मुंबईच्या ऑफिसातल्या पुनम मॅडम फोनवर म्हणाल्या, "आठ धरा." मी म्हणालो, ७.७९. त्या म्हणाल्या, "काका, आम्ही वरचाच आकडा धरतो."

काका म्हणायचं काही कारण नव्हतं.

२२ एप्रिल, गुरुवार

कनेरगाव नाक्याचा भागवत घरी आला होता. त्याची जमीन मोठी, आडत आहे, वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी कमी. खुर्चीत बसला, चहा घेतला. त्याचाही माल दुबईला जायचा आहे, एकशे साठ कट्टे.

"अमृतराव, माझे एकशे साठ, तुमचे साठ. एक डबा गच्च भरतो. दुसऱ्या कुणाचं नख लागत न्हाई. काहून मुंबईच्या भानगडीत पडता?"

"कागद कुणाच्या नावावर?"

"कागद माझ्या नावावर. जास्त माल माझा हाय ना. तुमी निस्ते मागं बसा. मी जागा देतो तुमाला."

विचार करतो, म्हणून सांगितलं. तो गेल्यावर माझी बायको जनकाबाई म्हणाली, "चांगलं सांगून राहिला की पोरगा." मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

मला जागा देणारा हा कोण? माझे वडील ह्याच्या आज्याच्या आडतीवर पोती झाडायचे. पोती झाडून झाली की ओट्याखाली उभं राहायचे. मी मागं बसायला परवाना काढलेला नाही.

२७ एप्रिल, मंगळवार

निर्णय झाला. वाटणीचा डबा.

कारणं लिहून ठेवतो. अख्खा डबा एकट्यानं घेतला तर तीन भाग जागा हवेची. भागवतबरोबर गेलो तर माल माझा आणि नाव त्याचं, दुबईचा व्यापारी पुढची मागणी त्यालाच घालणार. वाटणीच्या डब्यात मात्र प्रत्येकाचा कागद वेगळा असतो आणि माझ्या कागदावर माझंच नाव राहील.

धोका एकच. सोबत कुणाचं काय असेल सांगता येत नाही. हळद वास ओढून घेते. शेजारी सुकी मासळी किंवा फिनेल आलं तर संपलं. म्हणून मुंबईला इंग्रजीत पत्र पाठवलं. तीन वेळा लिहून काढलं. त्यातलं मुख्य वाक्य असं की माझ्या मालाला दुसऱ्या कुणाच्याही मालाचा स्पर्श होता कामा नये, माझ्या पोत्यांवर कुणाचं काही ठेवू नये, आणि माझी पोती खाली ओलीत न ठेवता सर्वांत वर ठेवावीत.

जनकाबाईला मराठीत करून सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "शिवू नका म्हननारे लोक काय कमी व्हते आपल्याला, म्हनून आता तुमी कागदावर लिहून धाडलं?"

मी म्हणालो, हा व्यापार आहे. त्याचा इथं काय संबंध.

३ मे, सोमवार

दिवसभर हट्ट्याला, संतरामच्या गावी. साठातले चाळीस कट्टे संतरामचे आहेत, बाकीचे त्याच्या भावकीतल्या तिघांचे. संतराम माझ्याहून मोठा. माझ्या काट्यावर त्यानं कधी दुसऱ्यांदा वजन करायला लावलं नाही, एवढं पुरे.

हळकुंडं ढोलात फिरवून पॉलिश केलेली होती. मला रंग कमी वाटला. शेवटच्या फेऱ्यात आणखी हळदपूड शिंपडायला लावली. आता सोन्यासारखी दिसतात. हाताला रंग लागतो, पण हळदीनं हाताला लागायचं नाही तर कशाला?

मग मोंढ्याच्या रिवाजाप्रमाणं तपासणी. मालकाच्या डोळ्यांदेखत प्रत्येक कट्ट्याचा ताग लोखंडी आकड्यानं फाकवायचा, दोन हळकुंडं काढायची आणि कानाजवळ मोडायची. कट्‌ असा आवाज आला आणि आत नारिंगी दिसलं की माल खरा. तोंड, पोट आणि बूड, अशा तीन जागी. लोक नुसतं तोंड बघतात. मी तिन्ही बघितल्या. साठ गुणिले तीन, एकशे ऐंशी. एकही हळकुंड नरम निघालं नाही.

"असं बघनारा मानूस ऱ्हायला न्हाई आता," संतराम म्हणाला.

जनकाबाई सोबत आली होती. तिनं भोकाजवळ पदर धरला आणि झटकून दाखवला. "पिवळी पूड गळून राहिली. आतून पलास्टिकची पिशवी घालायची व्हती." संतरामच हसला. आत प्लास्टिक घातलेलं पोतं म्हणजे ओला माल, हे मोंढ्यात शेंबडं लेकरूही सांगेल. तागाचं नवं पोतं आणि आकड्याची भोकं हीच मालाची इज्जत. तिला समजावून सांगितलं.

५ मे, बुधवार

मुंबईहून फॉर्म आला. सत्तावीस प्रश्न. सव्विसांची उत्तरं नीट दिली.

एकोणिसावा प्रश्न: पोत्याला आतून प्लास्टिकची पिशवी आहे काय? पुनम मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, "वाटणीच्या डब्यात लागतेच काका. नसेल तर माल घेत नाहीत."

साठ कट्टे शिवून झालेत. शिवण मी स्वतः घातलीय, बोटबोट अंतरावर टाका. ट्रक परवा सुटणार. पिशव्या नांदेडहून आणायच्या, शिवण उसवायची, पुन्हा भरायचं म्हणजे चार दिवस. जहाज थांबत नाही. आणि हा नियम ज्यानं केला त्यानं हळद आयुष्यात बघितलेली नसणार.

होय असं लिहिलं.

७ मे, शुक्रवार

ट्रक गेला. नारळ फोडला नाही, पण चालकाला पेढे दिले.

२९ मे, शनिवार

दुबईहून फॅक्स. माल पोचला. कडक, कोरडा आणि रंग उत्तम. शब्द त्याचे आहेत, मी पदरचे घालत नाही. पुढची मागणी पाच टनांची, ऑगस्टमध्ये.

रूपसिंगनं फॅक्सची नक्कल काढून दुकानाच्या काचेवर चिकटवली. मी नको म्हणालो. फारसं नेटानं म्हणालो नाही. भागवत एसटीतून उतरताना दिसला. त्यानं काच वाचली असावी.

१४ जून, सोमवार

मुंबईचा फॅक्स. त्याच डब्यात पांढऱ्या टॉवेलच्या चौदा गाठी होत्या. सोलापूरच्या अलीकडच्या एका गावात बायकांची संस्था आहे, त्यांचा माल. दुबईच्या एका हॉटेलसाठी. टॉवेल धुतल्यावर त्यांच्यावर लाल डाग उठले. माझ्या मालाबद्दल खुलासा मागितलाय.

लाल डाग. माझी हळद पिवळी आहे. याच्याशी माझा काय संबंध, तेच कळत नाही.

१५ जून, मंगळवार

पुनम मॅडमशी फोनवर बोललो. जसं झालं तसं लिहितो.

मी म्हणालो, "माझी पोती त्या गाठींजवळ गेलीच कशी? मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं."

"त्या पत्रामुळंच गेली, काका. तुम्ही लिहिलं होतं, माझी पोती सगळ्यांत वर ठेवा. खाली गाठी होत्या, त्यांच्यावर फळ्या टाकल्या आणि वर तुमची साठ पोती. हमालांनी तुमचं पत्र वाचूनच लावली."

फळ्यांत फटी असतात. हे त्या म्हणाल्या नाहीत. हे माझ्या डोक्यात आलं.

पुढं म्हणाल्या, "हॉटेल म्हणतंय, टॉवेलच खराब, कापड नीट धुतलेलं नव्हतं. त्या बायकांकडून पुन्हा माल घ्यायचा नाही, असं ठरवतायत. बायका म्हणतात, डाग डब्यात पडले. तुमच्या फॉर्मवर आत पिशवी आहे असं आहे. म्हणजे तुमच्याकडून काही गळालं नाही, बरोबर ना? तेवढं एकदा लेखी पाठवा. मग आम्ही त्या बायकांना कळवतो, डाग तुमच्याच घरचे."

मी म्हणालो, बघतो.

१७ जून, गुरुवार

पत्र पाठवलं. पिशवी होती.

इंग्रजीत एकही चूक नाही.

२२ जून, मंगळवार

टपालानं पुडकं आलं. आत हातभर टॉवेलचा तुकडा आणि वहीच्या कागदावर मराठीत चिठ्ठी. खाली सही, नर्मदाबाई. माझा पत्ता तिनं मुंबईहून घेतला. चिठ्ठी उतरवून ठेवतो:

"दादा, आमी तुमाला दोष देत न्हाई. तुमचा माल कशाचा हुता एवढंच सांगा, मुंबईवाले सांगत न्हाईत. आमचं कापड सोळा बायकांच्या डोळ्यादेखत धुतलंय. हाटेलानं माल बंद केला तर शेडला कुलूप लागंल. ह्यो एक तुकडा परत आला, तो बघा."

तुकड्यावर लाल ठिपके. कुंकू सांडावं तसे, पण एका रेषेत. फळीच्या फटीएवढ्या रेषेत. दोन रेषांमधलं अंतर टेपनं मोजलं, साडेपाच इंच. ते कशासाठी मोजलं, माहीत नाही.

जनकाबाईनं तुकडा हातात घेतला. तशीच मोरीवर गेली. माझा पांढरा रुमाल घेतला, हळदीच्या डब्यात बोट घालून त्यावर ओढलं, ओला केला, साबण लावला. पिवळी रेघ माझ्यासमोर लाल झाली.

"लग्न झाल्यापासून हा डाग धुऊन राहिले मी," ती म्हणाली. "तुमी कधी मोरीवर बसला न्हाई म्हनून."

शब्दकोश माझ्याकडं तीन आहेत. साबणानं हळद लाल होते, हे घरातल्या बाईला माहीत आणि हळदीच्या निर्यातदाराला नाही.

नाही, हे खरं नाही. लग्नातल्या हळदीच्या कपड्यांवर मीही बघितलंय. चौदा तारखेला लाल डाग हे शब्द वाचले तेव्हाच कळलं होतं. संबंध कळत नाही असं या वहीत लिहिलं, ते वहीशी खोटं बोललो. वही माझी, कुणी वाचत नाही, तरी बोललो.

२४ जून, गुरुवार

जेवण गेलं नाही. बुद्धविहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, ओठ हलवले, आवाज काढला नाही. शेजारच्यांनी बघितलं की काय, हीच काळजी. चोराची काळजी.

जनकाबाई विचारत नाही. तिनं तो रुमाल वाळत घातलाय, दारातून येताजाता दिसतो.

२७ जून, रविवार

पहाटेच्या गाडीनं निघालो. परभणी, लातूर करत दुपारी तिथं पोचलो. पत्र्याची शेड, आत माग. सोळातले चारच चालू होते. बायका सुतावर बसून बोलत होत्या, मला बघून गप्प झाल्या.

नर्मदाबाई पन्नाशीची, कपाळ मोकळं, हात सोड्यानं पांढरे पडलेले. मी नाव सांगितलं. तिनं लगेच पोरीला पाणी आणायला पाठवलं. ते पाणी घ्यावं की नाही, कळेना. घेतलं.

मी खुलाशाचं पत्र लिहूनच नेलं होतं. मराठीत, दोन पानं. तिनं वाचायला सांगितलं. सगळ्यांसमोर उभं राहून वाचलं. समुद्रावरची दमट हवा, जहाजाचं हलणं, तागाचे गुणधर्म, फळ्यांची मांडणी, आणि या सर्व कारणांमुळे माझ्या पोत्यांतून काही प्रमाणात हळदपूड खाली गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.

वाचून झालं. मागच्या एका म्हातारीनं विचारलं, "पोत्याला भोकं समुद्रानं पाडली व्हय?"

दोघीतिघी हसल्या. नर्मदाबाई हसली नाही. म्हणाली, "दादा, आमी शिकलेलो न्हाई. सरळ सांगा की."

मग सांगितलं. पोत्याला आतून पिशवी नव्हती. लागते हे माहीत होतं. फॉर्मवर आहे म्हणून लिहिलं, नंतर पत्रातही लिहिलं. आकड्यानं भोकं आम्ही पाडली. वर ठेवा, कुणाला शिवू देऊ नका, हेही मीच लिहिलं.

"भोकं किती?" म्हातारीनं विचारलं.

"एकशे ऐंशी."

"मोजली हुती व्हय!" ती म्हणाली. या वेळेला कुणी हसलं नाही.

नर्मदाबाईनं हातातलं सूत खाली ठेवलं. मग म्हणाली, "दादा, ह्या सगळ्या बायकांनी म्हैनाभर एकमेकीवर संशय घेतलाय. कुणी साबण कमी घातला, कुणी पानी बदललं न्हाई. ह्या पारूबाईला तर आमी धुण्यावरनं काढलं. ती घरी बसलीय." तिनं दाराजवळच्या एका जागेकडं बोट केलं. तिथं रिकामा पाट होता.

मला वाटलं होतं, दोष कंपनीकडं गेला, हॉटेलाकडं गेला, फार तर संस्थेकडं. तो अशा एका बाईच्या घरी जाऊन बसला असेल, हे मनातही आलं नव्हतं.

दोन पानं फाडली. तिथंच बसून चार ओळी लिहिल्या, इंग्रजीत आणि मराठीत. सही केली, परवान्याचा नंबर घातला. नर्मदाबाईनं मराठी ओळी बोट ठेवून दोनदा वाचल्या. "आता ह्ये पारूबाईच्या घरी जाऊन वाचा," ती म्हणाली.

गेलो. पारूबाई भाकरी थापत होती. उठली नाही, ऐकत ऐकत थापत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "बरं."

एवढंच. मला वाटतं, तिनं शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

२८ जून, सोमवार

रात्री सोलापूरला मुक्काम केला. तिथल्या बसस्टँडजवळ फॅक्सचं दुकान होतं. तिथून पाठवता आलं असतं, तिथं मला कुणी ओळखत नाही. शटर उघडेपर्यंत उभाही राहिलो. मग गाडीत बसलो.

संध्याकाळी हिंगोलीत रूपसिंगच्या दुकानातून पाठवलं, मुंबईला आणि दुबईच्या हॉटेलला. रूपसिंगनं कागद मशीनवर ठेवायच्या आधी मराठी ओळी वाचल्या. मोठ्यानं नाही वाचल्या. मग बाहेर जाऊन काचेवरची नक्कल काढून आणली, घडी घालून माझ्या हातात दिली.

"ऱ्हाऊ द्यायची व्हती का लावून?" त्यानं विचारलं.

"काढलीस ते बरं केलंस," मी म्हणालो.

९ जुलै, शुक्रवार

मुंबईचं पत्र. यापुढं वाटणीच्या डब्यात माझा माल घेतला जाणार नाही. अख्खा डबा घ्यायचा असेल तर हरकत नाही. पुनम मॅडमनं खाली पेननं लिहिलंय, काका, मी विश्वास ठेवला होता. ही ओळ छापील पत्राहून जड आहे.

हट्ट्याला जाऊन संतरामला सगळं सांगितलं. तो ओट्यावर तंबाखू मळत होता.

"जनकाबाई तवाच सांगून राहिली व्हती," तो म्हणाला. "हसलो तर मी बी."

"खोटं मी लिहिलं."

"व्हय. ते तुमचंच." तंबाखू मळून झाली तरी त्यानं मला दिली नाही. एरवी देतो. मग म्हणाला, "आता पाच टनाचं काय?"

"अख्खा डबा लागतो."

"मग भागवतकडं जा. जाताना पिशव्या घेऊन जा."

१२ जुलै, सोमवार

कनेरगाव नाक्याला गेलो. भागवत धाब्यावर भेटला. त्याला काय हवंय ते बोलता यावं म्हणून मी आधीच सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर मला राग धरता आला असता. एवढंच विचारलं, "कट्टे किती?"

शंभर कट्टे, भागवतच्या डब्यात, भागवतच्या नावानं जाणार. दुबईला मी तसं कळवलं. कारणही कळवलं. उत्तर आलेलं नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार

महिनाभर लिहिण्यासारखं काही नव्हतं. कट्टे गेले. प्रत्येकात पिशवी. मीच घातल्या.

आज दुपारी रूपसिंगनं सायकलवर माणूस पाठवला, सोलापूरकडून बाईचा फोन आहे, पुन्हा अर्ध्या तासानं करते म्हणाली. धावत गेलो. दुकान भरलेलं होतं, औंढ्याची गाडी लागायची होती.

नर्मदाबाई होती. हॉटेलानं चार गाठींची मागणी दिलीय, परीक्षा म्हणून. पारूबाई पुन्हा धुण्यावर आहे. मग ती म्हणाली, अख्खा डबा आमाला झेपत न्हाई, वाटणीच्याच डब्यातनं जानार. मुंबईवाल्यांनी कळवलंय, सोबत कुणाची तरी मिरची आहे आणि कुणाची तरी हळद. ती स्वतः मुंबईला जाऊन माल भरताना उभी राहणार आहे.

"दादा, तुमी ह्या धंद्यातले. पोतं कसं बगायचं, सांगा."

सांगितलं. नीट, क्रमानं सांगितलं. आधी शिवणीवर पांढरा कपडा दाबायचा. मग पोतं एका कोपऱ्यावर उभं करून दोनदा आपटायचं आणि खालची जमीन बघायची. ताग कुठं फाकलेला आहे का, त्यावरून बोट फिरवायचं. गाठी वर मागायच्या, खाली नाही. बरोबर सगळं ठाऊक होतं मला. ती हं, हं करत होती.

"आन आत पिशवी हाय का, हे त्या व्यापाऱ्याला इचारायचं?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? दादा? का कागदावर लिवलेलं असतं, ते बगायचं?"

तिकडं तिचं मीटर पडत होतं. इकडं दुकानातले सगळे माझ्याकडं बघत होते. रूपसिंग उगाच कागद सारखे करत होता.

"विचारू नका," मी म्हणालो. "कागदही बघू नका. शिवण उसवून आत हात घाला."

"थांबा दादा, आवाज नीट येत न्हाई. जरा मोठ्यानं सांगा, लिवून घेते."

मी मोठ्यानं सांगितलं. व्यापाऱ्याला विचारू नका. तो हो म्हणेल. आत हात घाला.

तिनं एकेक शब्द म्हणत लिहून घेतला. मध्ये एकदा अडकली, तेव्हा पुन्हा सांगितलं.